गयाचे मासे

९ डिसेंबर

पा. १४. मा. ९.

पा. म्हणजे पाण्याच्या वर उघड्या पडलेल्या पायऱ्या, मा. म्हणजे दिसलेले मासे. नसरीननं असंच लिहायला सांगितलंय. रोज सकाळी, विहिरीत ऊन उतरलं की. वहीही तिनंच दिली, शंभर पानी, मधे दोन टाचण्या. पुढच्या पानांवर तिचे आकडे. हे मी वही उलटी करून मागच्या पानावरून लिहितोय. हे तिच्यासाठी नाही.

दोन दिवस छातीत धडधड आहे. सुनेला, सुनीताला, सांगितलं. म्हणाली, "मामा, चहा कमी करा." चहाचा काय संबंध.

११ डिसेंबर

पा. १४. मा. ९.

नीट लिहून ठेवतो, नाहीतर उद्या मी माझ्याशीच खोटं बोलायला लागेन.

दिवाळीनंतर मोटर पाणी उचलेना. केजहून रशीद मिस्त्रीला बोलावलं. तीस वर्षं मोटर त्याच्याच हातची. पाइप वर ओढला, तळाचा फुटव्हॉल खोलला, तर जाळीत दोन मासे अडकलेले. बोटाएवढे, अंगावर तपकिरी पट्टे, तोंडाला मिशा. पोटानं दगडाला धरून बसतात ते. मी म्हटलं, सोड परत. तो म्हणाला, "एक बाटलीत नेतो, अंबादासभाऊ. हमारी नसरीन का वोच काम है, मछली गिनना. किती वर्सं शिकतीय, संपंनाच झालंय."

बाटली बीडला नसरीनकडे गेली. तिच्याकडून तिच्या सरांकडे. मग एक दिवस जीप दारात. सर म्हणाले, हा मासा आजवर देशात कुठंच नोंदलेला नाही, बहुतेक जगातही नाही. सरांच्या मागं एक माणूस, खाकी कपडे, हात मागे बांधलेले.

सरांनी विचारलं, "बाबा, हे मासे या विहिरीत कधीपासून आहेत?"

मी म्हटलं, "पहिल्यापासून. झऱ्यातून आले असतील."

ते त्यांनी लिहिलं. खाली माझी सही घेतली. मी पूर्ण नाव घातलं, अंबादासच्या पुढं वडिलांचं, आडनाव, सगळं.

खाकीवाला जीपचा ड्रायव्हर होता. ते गेल्यावर माझ्या पोरानं, बाळूनं, सांगितलं.

१२ डिसेंबर

पा. १४. मा. ८. एक कपारीत असेल.

आता खरं.

विहीर खोदली तेव्हा बाळू अंगावर पीत होता. दसऱ्याच्या आधी पाणी लागलं आणि आम्ही टोळीबरोबर ऊस तोडायला घाटाच्या पायथ्याला गेलो. नवीन विहिरीत जीव सोडतात आपल्याकडे. कुणी कासव सोडतं, कुणी तळ्यातले मासे. माझी सासू म्हणायची, जीव नसलेलं पाणी मुकं. गयानं, माझ्या बायकोनं, मनावर घेतलं. आमच्या कोपीच्या, पाचटाच्या खोपटाच्या, मागं ओढा होता, उन्हाळ्यातही वाहता. त्यात हे मासे. काठावर पाटी: मासे धरणे व शिकार करणे गुन्हा आहे. मी तिला वाचून दाखवली. ती म्हणाली, "धरतोय कुठं? घरी नेतोय."

तेलाचा डबा, वर ओलं फडकं, आत अकरा मासे. हंगाम संपला तेव्हा ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत दोन दिवसांचा प्रवास. डबा तिच्या मांडीवर, बाळू माझ्या. जिथं थांबलो तिथं पाणी बदललं. आठ जगले.

त्यांना ती पाव्हण्या म्हणायची. मला नसरीननं विचारलं, गावात या माशाला काय म्हणतात. मी चिकटी म्हणून सांगितलं. तेही खोटं नाही, बाळू लहानपणी चिकटी म्हणायचा. पण पाव्हण्या सांगितलं नाही.

गयाला जाऊन चार वर्षं झाली. पाटी माझ्या डोळ्यांपुढून गेलेली नाही.

२१ डिसेंबर

पा. १५. मा. ९.

नसरीन आली होती. गमबूट, जाळी, पाठीवर पिशवी. रशीदच्या लुनावर पुढं बसून यायची, तेव्हापासून बघतोय तिला. तेव्हाही पाइपातून सांडलेल्या पाण्यात हात घालून काहीतरी शोधत असायची. आता चाळिशीला आली. कॉलेजात तासावर शिकवते, कायम झालेली नाही. हा मासा छापून आला तर पीएचडी पुरी होईल, मग काहीतरी होईल, असं रशीद म्हणतो.

पायरीवर बसून तास-दीड तास विहिरीत बघत होती. मग म्हणाली, "चाचा, असा मासा वाहत्या पाण्यातला असतो. विहिरीत कसा टिकला, तेच कळत नाही."

मी म्हटलं, "झरा मोठा हाय आमचा."

"हां, तेच लिहावं लागेल."

तिला खायला भाकरी-ठेचा दिला सुनीतानं. तिनं खाल्ला, तारीफ केली. मी माझी भाकरी बाजूला सारली. सुनीता म्हणाली, "मामा, काय झालं?" मी म्हटलं, दाढ.

६ जानेवारी

पा. १७. मा. ८.

रशीदचा फोन. पोरगी तापानं पडलीय. पंधरा दिवस मांजरेत, मग सिंदफणेत, मग बिंदुसरेत, कमरेएवढ्या थंड पाण्यात. याच माशाचं दुसरं ठिकाण शोधतीय. "मिला नै अभी तक. उसकू बोला मैं, छोड. सुनती कहाँ."

मी म्हटलं, "काढा दे तिला. मिरं घालून."

दुसरं काय बोलणार. बोलायला पाहिजे होतं ते दुसरंच.

जिल्ह्यात एकाही नदीत तो मासा मिळणार नाही, हे फक्त मला माहीत आहे. ती पाण्यात उभी आणि मी अंगणात उन्हात बसून.

७ जानेवारी

पोस्टमन आला होता. खाकी शर्ट बघून मी गोठ्यात शिरलो. बँकेचा कागद होता.

१५ जानेवारी

पा. १८. मा. ८.

संक्रांत झाली. गाव निम्मं रिकामं, सगळे तोडीला. राहिलेत म्हातारे आणि शाळेतली पोरं. आमचा बाळू मोसंबीमुळं घरी. सव्वादोनशे झाडं आहेत.

आज जेवताना बाळू म्हणाला, "आबा, औंदा इहीर उकरायची. अजून पंधरा फूट खाली गेलो तर बाग तरंल. नांदूरघाटचा सुरुंगवाला हाय, त्याला म्हणलंय उन्हाळ्यात ये."

मी म्हटलं, "मासे?"

"माशाचं काय?"

"मरतील."

"मग धरून बादलीत ठेवू." सुनीताकडं बघून हसला. "हे मासं सोन्याचं झालंय आपल्या आबाला."

विहीर त्याच्या नावावर केली मीच, मागच्या वर्षी. त्याला नाही कसं म्हणू. आणि हो कसं म्हणू.

२८ जानेवारी

पा. २०. मा. ८.

पेपरात आलं. बीडच्या पानावर, विहिरीचा फोटो आणि माझा. टोपी तिरकी. लिहिलंय, ज्येष्ठ शेतकऱ्याने पिढ्यान् पिढ्या जपलेला मासा. विहिरीला पिढ्या कुठल्या, माझ्या हातानं खोदलीय.

पारावर चार जणांनी हात जोडले. नववीतल्या एका पोरीनं सही मागितली. सही दिली. नुसतं अंबादास लिहिलं.

२९ जानेवारी

दगडू बोलला.

दगडू माझा चुलतभाऊ. बांधावरून बोलणं बंद, नऊ वर्षं झाली. आज त्याच्या शेतातून ओरडला, सगळ्यांना ऐकू जाईल असं.

"काय बे अंब्या, पेपरात आलास म्हणं!"

मी बागेकडं वळलो.

"मासं पिढ्यान् पिढ्याचं म्हणं? मग टॅक्टरात त्येंचं तिकीट कुणी काढलं व्हतं रे?"

आणि खदाखदा हसला.

तो त्याच टोळीत होता. त्याच ट्रॉलीत. मी कसा विसरलो. छत्तीस वर्षांत हा माणूस काही विसरलेला नाही, फक्त बांध कुठं होता ते सोडून.

३० जानेवारी

झोप नाही. दगडू कुणाला सांगेल? सगळ्यांना सांगेल. पण त्याचं ऐकतं कोण, दारू सोडल्यापासून तर तो जास्तच बोलतो. बाळूला सांगेल. बाळूला कळलं तर तो म्हणेल, बाहेरचेच मासे ना, मग कशाची नोंद नि कशाचं काय, बोलाव सुरुंगवाल्याला.

आणि नसरीनला कळलं तर

९ फेब्रुवारी

पा. २३. मा. ७.

गुडघा सुजलाय. खाली उतरता येत नाही, वरूनच मोजतो. मोजताना एकच मासा दोनदा मोजला जात नसेल कशावरून.

तहसीलचा कागद आलाय. नसरीनच्या सरांनी अर्ज केला होता. पाहणी होईपर्यंत सदर विहिरीत खोदकाम अथवा स्फोट करू नये. बाळूनं उभ्यानं वाचला, घडी घातली, खिशात ठेवला.

"आबा, तुमी सही केलती ना त्यांच्या कागदावर?"

"केली."

"मला इचारायचं तरी. बाग काय पाहणीपस्तोर दम धरतीय?"

ओरडला असता तर बरं झालं असतं. हळू बोलला. पायात चपला घालून बागेत गेला, अंधार पडेपर्यंत आला नाही. खोडांना पाचटाचं आच्छादन करत होता. सुनीता म्हणाली, कडेच्या दोन ओळी गेल्यातच जमा आहेत.

खरं सांगितलं तर त्याची विहीर मोकळी होईल आणि मासे मरतील. नाही सांगितलं तर त्याची बाग वाळेल, नसरीन नद्या चाळत बसेल, आणि पाणी संपलं की मासे तरीही मरतील. चारी बाजूंनी कडा, आणि पायऱ्या फक्त खाली जाणाऱ्या.

१७ फेब्रुवारी

पा. २५. मा. ६.

नसरीन आली. तब्येत उतरलीय. चेहरा मात्र फुललेला. तिचा लेख तयार झालाय, पाठवायचा राहिला. सरांनी माशाचं नाव ठेवायला तिलाच सांगितलंय. तिनं विचारलं, "चाचा, यांना पीठ कोण टाकायचं? पहिल्यापासून यांची काळजी कुणी घेतली?"

मी म्हटलं, "बाळूच्या आईनं."

"चाचींचं नाव गया ना? अब्बा सांगतात, मोटर दुरुस्त करायला आले की आधी विचारायच्या, पाइपात मासा तर नाही अडकला."

"हो. गया."

"मग नाव गयाचाचींचंच. लॅटिनमध्ये लिहितात, शेपूट वेगळं लागेल, पण आत गयाच राहील. जगात कुणीही पुस्तक उघडलं तर दिसेल."

मी तिथून उठलो. गोठ्यात गेलो. तिला वाटलं मला भरून आलं. आलंच होतं, पण तिला वाटलं त्यासाठी नाही.

१८ फेब्रुवारी

गया असती तर डब्यासकट सगळं सांगून मोकळी झाली असती. तिला पाटी वाचता येत नव्हती, म्हणून भीतीही नव्हती. वाचता मला येत होतं.

आता तिचं नाव माझ्या खोट्यावर बसवणार.

३ मार्च

पा. २८. मा. ५.

नसरीननं मागं, वही द्यायच्या आधीच, दोन मासे काचेच्या पेटीत नेले होते. पेटीत हवा सोडायचं यंत्र, वाळू, सगळं. दोन्ही मेले. फोनवर सांगताना तिला रडू आलं. म्हणाली, "चाचा, पाणी तर तुमच्याच विहिरीचं नेलं होतं. यांचं दुसरं घर माहीत असतं, एखादा ओढा, तर तिथं सोडून तरी बघितलं असतं. तुमच्या मुलालाही विहीर मोकळी करता आली असती. असं कसं, की पूर्ण देशात एकच विहीर?"

फोन कानाला लावून मी "हां, हां" म्हणत राहिलो.

एका हां-च्या जागी ओढा म्हटलं असतं तर सगळं संपलं असतं. नाही झालं.

४ मार्च

काल तिनं जे म्हटलं ते दिवसभर डोक्यात. दुसरं घर. ते आहे. कोपीच्या मागं. मासे तिथं असतील अजून, नसतील, कोण जाणे. पण ते शोधायचं कुठं हे सांगणारा माणूस मी.

कारखाना आठवतो, तो बंद पडून जमाना झाला, नावही बदललं म्हणतात. तिथून कोपी किती लांब? बैलगाडीनं सकाळी निघून ऊन चढायच्या आत पोचायचो. ओढ्याचं नाव? नावच नव्हतं. आम्ही ओढाच म्हणायचो.

११ मार्च

पा. २९. मा. ५.

नसरीननं निरोप धाडलाय, वही पाहिजे. आकडे लेखाला जोडायचेत. पाडव्यानंतर नेईल.

मागची पानं फाडावीत म्हणून शेवटचं पान धरून ओढलं. ते निघालं, आणि पुढचं पहिलं पानही सुटून हातात आलं. टाचणीची वही, एक कागद दोन्हीकडं असतो. डिसेंबरचे सगळे आकडे त्या पानावर. आता ते डकवायला पाहिजे. डकवलं तर माझं पानही डकवलं जातं.

सुटा कागद हातात धरून बसलो. सुनीता डाळ निवडत होती, तिनं वर बघितलं. "काय हरवलं का, मामा?"

भातानं डकवलं. दोन्ही.

१९ मार्च

पा. ३०. मा. ४.

बाळू तहसीलला जाऊन आला. पाहणी कधी, कुणाला माहीत नाही. साहेब म्हणाले, आमच्याकडं माशाचं खातं नाही. बाळू मला म्हणाला, "आबा, मी पाडव्यापस्तोर थांबतो. मग नोटीस बिटीस काय बी असू द्या. झाडं मी लावलीत. आईनं पयलं पाणी घातलंय त्यांना, तुमाला म्हायती हाय."

माहीत आहे. झाडंही तिचीच, मासेही तिचेच.

२४ मार्च

दगडूकडं गेलो.

नऊ वर्षांनी त्याचा उंबरा. काठी टेकत गेलो, बांधावरून नाही, रस्त्यानं फिरून. बाजेवर बसला होता, शेंगा फोडत. बघून म्हणाला, "कावून आलास? मेलंय का कुणी?"

मी म्हटलं, "ऊसतोडीला आपण होतो, तो ओढा आठवतो का?"

एक शेंग फोडली, दाणे तोंडात टाकले. मग हसायला लागला. "आलास व्हय वळणावर! लई फोटो काढून घेतलं. म्हणलं बघू, किती दिस दम काढतोय."

"दगडू, मस्करी नको. ठिकाण आठवतं का?"

"तू तवाबी येडाच. सारी टोळी भांडी-कुंडी घेऊन गावाकडं आली, अन् ह्यो मासं घेऊन." शेंगांची मूठ माझ्यापुढं केली. मी घेतली. "ओढ्यावर आंब्याचं झाड व्हतं."

"जांभूळ."

"आंबा! मी त्याच्यावरनं पडलतो, हे बघ, कोपर." कोपर पुढं केलं. खूण आहे खरी.

"ते जांभळावरून."

"अन् तू आलास मला इचारायला!"

असं तासभर. कारखान्याचं नाव त्याला आठवलं, मला नाही. वाटेत देवीचं देऊळ होतं, कळस नसलेलं, ते दोघांनाही आठवलं. बाकी सगळं एकमेकांच्या उलट.

निघताना तो मागून म्हणाला, "त्या डब्यातलं पाणी तीनदा मी बदललं व्हतं, अंब्या. वैनी म्हणली, दगडूभावजी, ह्यांच्या हाताला कापरं हाय, तुमी वता. पेपरात माझं नाव कावून न्हाई आलं?"

मस्करीतच म्हणाला. पण हसत नव्हता.

बांधाचं कुणीच काही बोललं नाही.

३० मार्च

पा. ३१. मा. ४.

पाडवा. गुढी उभारली. तोडीवरून लोक परत यायला लागलेत, गाव भरतंय. ट्रॉल्या येताना बघितल्या की मांडीवर डबा दिसतो.

मासे आता तळाच्या पाण्यात, एका खड्ड्यात गोळा झालेत. मोजायला सोपं झालंय. हेच वाईट.

३ एप्रिल

पा. ३२. मा. ४.

सुरुंगवाला येऊन बघून गेला. आठ दिवसांनी, शनिवारी येतो म्हणाला. बाळू माझ्याकडं न बघता म्हणाला, "शुक्रवारी मासं काढून टाकीत ठेवू, आबा. मी सोता काढतो. जाळीनं, अल्लाद."

टाकीत ते दोन दिवसही राहायचे नाहीत. त्यालाही माहीत आहे. तरी म्हणाला. पोरगं वाईट नाही माझं.

५ एप्रिल

सांगितलं. तोंडानं नाही.

नसरीन वही न्यायला आली. रशीदही सोबत होता, जुन्या गाडीवर. मी वही उलटी धरून दिली, मागचं पान वर. ती म्हणाली, "चाचा, उलटी आहे." मी म्हटलं, "तिकडूनच वाच."

विहिरीच्या काठावर बसून तिनं वाचली. मी कडुलिंबाखाली. रशीद काहीतरी मोटरीचं सांगत होता, नवीन सबमर्सिबल बसवा म्हणून, मला एक शब्द कळला नाही. ती पान उलटायची तेवढंच दिसत होतं. एकदा थांबली. डिसेंबर असेल. मग परत एकदा थांबली, बराच वेळ. ते सहा जानेवारी असणार, तापाचं.

उठून आली. वाटलं आता बोलेल. सही, खोटं, पाण्यात काढलेले दिवस. ओठ पांढरे झाले होते तिचे.

म्हणाली, "पाटी कुठल्या भाषेत होती?"

मला आधी कळलंच नाही.

"ओढ्यावरची पाटी. तुम्ही वाचलीत ना. कुठल्या भाषेत?"

"मराठीत. मला दुसरी येतीय कुठं."

"म्हणजे राज्याच्या सीमेच्या अलीकडं." खिशातून पेन काढलं, हातावरच लिहिलं. "कारखान्याचं नाव?" दगडूनं सांगितलेलं सांगितलं. "बैलगाडीनं ऊन चढायच्या आत म्हणजे किती? दोन तास? तीन?" सांगितलं. "ओढा कुठल्या दिशेला वाहत होता?"

ते नाही सांगता आलं.

"आठवा. उगवतीकडं का मावळतीकडं, एवढंच. त्या पट्ट्यात दोन्ही बाजूंनी ओढे आहेत, वीस-पंचवीस. एकेक बघायला वर्ष जाईल, आणि शनिवारी तर..." वाक्य पुरं केलं नाही तिनं.

रशीद दोघांकडं बघत होता. "क्या हुआ, बेटा?"

"कुछ नै, अब्बा. चलो."

पानापानाचे फोटो काढले फोनमध्ये आणि वही परत दिली. म्हणाली, आकडे थांबवू नका. लेखाचं काय, ते मी विचारलं नाही. नावाचं काय, तेही नाही. तिनं माझ्याकडं बघितलं नाही असं नाही. बघितलं. त्यातून मला काही वाचता आलं नाही.

सुनीतानं चहा आणला होता. नसरीननं घेतला नाही. या घरात पहिल्यांदा.

६ एप्रिल

पा. ३२. मा. ४.

बाळूला सांगितलं सगळं. बागेतच, झाडाखाली. त्यानं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "म्हंजी मी बी त्याच ट्रॉलीत व्हतो?"

"माझ्या मांडीवर."

"अन् मासं आईच्या."

"हो."

उठून खोडाभोवतीचं पाचट नीट केलं त्यानं. शनिवारचं काय, ते त्यानंही काढलं नाही, मीही नाही.

७ एप्रिल

पा. ३३. मा. ४.

सकाळी नसरीनचा फोन, एवढंच विचारायला. "आठवलं का, चाचा?" आवाज कोरडा. मागं बसचा आवाज होता. कुठं निघालीस विचारलं, तर म्हणाली, "आधी दिशा सांगा."

दगडूला बोलावलं. तो म्हणतो मावळतीकडं. पण तो आंबा म्हणणारा माणूस.

डोळे मिटून बसलो विहिरीवर. दुसरं काही आठवत नाही, गया आठवते. सकाळी ओढ्यात भांडी घासायची. एका हातानं घासणार, दुसरा हात कपाळावर आडवा, ऊन डोळ्यांत यायचं म्हणून. रोज. म्हणजे तोंड उगवतीला होतं तिचं. एवढं पक्कं.

राख धुतली की पाण्याचा पट्टा पांढरा होऊन वाहत जायचा. तो तिच्या पायांकडून मागं मावळतीला, माझ्याकडं यायचा, की तिच्यापुढून उन्हात जायचा?

मी काठावर बाळूला घेऊन बसलेलो असायचो. पांढरा पट्टा मला दिसतो. कुठं जातोय ते नाही.